आठ, सोळा की बत्तीस

नाशिक, ११ मार्च २०२६

स्वानंदी,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, तो लिहिला असं समज. मला सरळ कामाचं विचारायचं आहे. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरला रॅम किती वाढवायची?

हसू नकोस. फोनवरच विचारणार होते, पण आपल्या फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. कशी आहेस, बरी आहे, जेवलीस का, जेवले, आणि मग दोघीही गप्प. गेल्या वेळी तू म्हणालीस, आई, आवाज तुटतोय. मीही म्हणाले, हो गं, तुटतोय. खरं तर माझ्याकडे स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणून हा कागद. अहमदाबादचा पत्ता तिकडच्या पोस्टमनला लागावा म्हणून इंग्रजीतही लिहिलाय.

तर, मशीन अतिशय रखडतं. स्क्रीनवरचं माझं नाव दाबून मी चहा टाकायला जाते, चहा पिऊन होतो, कप विसळून होतो, तरी ते आपलं गोल गोल फिरतंच असतं. माझा काही कुठे खोळंबा नव्हता, पण आता कामाला लागले आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, जानेवारीपासून. तुला सांगितलं नव्हतं. बाबा परस्पर माझं नाव देऊन आले. मला म्हणाले, "तू दिवसभर तोंड उघडत नाहीस. निदान दुसऱ्याचं लिहिलेलं तरी बोल."

माझ्या वाट्याला सरिता नावाची मुलगी आली. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची आहे, इथे वसतिगृहात राहते, बी.ए.चं दुसरं वर्ष. जन्मापासून दिसत नाही. तिचा इतिहास आणि अर्थशास्त्र मी वाचते, ती ऐकते, असं चाललंय. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"काकू, तुमी लय झ्याक वाचता. पन आवाज मधीच अडकतो. पानिपतावर मराठे यमुनेपोतर आले अन् तिथंच थांबले. फुडं गेलेच नाय. फुडचं कुठं हाय?"

पुढचं कुठेच नव्हतं. मी वाचलं होतं, मशीनने घेतलं नव्हतं. तसं तीन धड्यांत झालंय. तिची परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाहिलं, पण कुंभमेळ्यासाठी आपल्या कॉलनीचा रस्ता खणून ठेवलाय, त्यामुळे पानिपतात जेसीबी ऐकू येतो. मयुरेशने आणलेल्या माइकमध्ये तेवढा येत नाही.

म्हणून कॉलेज रोडला जयरामच्या दुकानात गेले. मयुरेशने मशीन जोडलं तेव्हा सगळं सामान त्याच्याचकडून आणलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते त्याला तोंडपाठ. म्हणाला, "काकू, आत्ता आठ जीबी आहे आणि एक स्लॉट मोकळा आहे. अजून आठ टाकली की सोळा. त्याहून जास्त हवी तर जुनी काढून सोळा-सोळाची जोडी घालू, बत्तीस होईल. वापर कोणाचा आहे?"

मी ओझरच्या विमान कारखान्यात उभा जन्म स्टोअर्समध्ये काढला. कोण वापरणार आणि कशाला, हे लिहून दिल्याशिवाय आम्ही साहेबालासुद्धा साधा नट दिला नाही. आणि त्या दुकानात मला वापरणारं माणूस कोण ते सांगता येईना. विचारून सांगते म्हणाले आणि परत आले.

म्हणून विचारते. मी एकटी वापरणार असेन तर सोळासुद्धा डोक्यावरून पाणी. तू परत येऊन घरून काम करणार असशील तर तुझ्या त्या थ्रीडी ड्रॉइंगना बत्तीसशिवाय चालणार नाही, असं तूच मयुरेशला म्हणायचीस. नोव्हेंबरात तू पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलीस. नोकरी चांगली आहे, ते मला कळतं. मयुरेशला जाऊन जुलैत वर्ष होईल. सून म्हणून तुझ्यावर आता कसली सक्ती नाही, तेही कळतं.

तू येणार का, असं मी विचारत नाही. रॅम किती, एवढंच कळव.

— आई

१९ मार्च, पाडवा

स्वानंदी,

गुढी उभारली नाही. वर्षाच्या आत सण नाही. शेजारच्या बाईंनी श्रीखंड दिलं. बाबांनी ते खाल्लं आणि खाताना रडले. ते हल्ली कशावरही रडतात, परवा मयुरेशच्या मापाचा शर्ट दुकानात टांगलेला दिसला म्हणून भर मेनरोडवर रडले. मी वाटी घासली, रिकामी देऊ नये म्हणून साखर घातली आणि परत करून आले.

तुझं उत्तर नाही. टपालाला उशीर होत असेल.

जयराम घरी येऊन गेला. स्क्रू काढायच्या आधी त्याने मशीन सुरू करून बघितलं, काहीबाही उघडून बघितलं आणि माझ्याकडे वळला.

"काकू, हे बंद कधी केलं होतं?"

"रोज करते की."

"रोज स्क्रीन बंद करता तुम्ही. मशीन नोव्हेंबरपासून बंद झालेलंच नाही. आपलं आपण झोपतं आणि उठतं, एवढंच."

बाबा पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. जयराम म्हणाला, "वहिनींचं लॉगइन उघडं आहे. त्यांचं कुठलं तरी मोठं ड्रॉइंग आत तसंच चालू आहे आणि सगळी मेमरी त्यातच अडकलीय. तुम्हाला रॅम घ्यायची गरजच नाही. वहिनींना साइन आउट करतो, मशीन पळायला लागेल."

आणि त्याने माउसकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. परक्या माणसाचा हात असा आयुष्यात धरला नव्हता. तो बिचारा इतका दचकला की बाबांनीच त्याला पाणी आणून दिलं.

आता तुला लिहायला हरकत नाही. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू गेलीस त्या संध्याकाळी मी मशीन बंद करायला बसले, तर समोर सूचना आली. इंग्रजीत होती, पण अर्थ सरळ होता. आणखी कोणीतरी हा कॉम्प्युटर वापरत आहे, आत्ता बंद केलात तर त्या व्यक्तीचं सेव्ह न केलेलं काम जाईल. मी रद्द केलं. तुझं काम घालवायला मी कोण? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी विचारायचंच सोडलं. नुसती स्क्रीन बंद करायची. मयुरेशने इन्व्हर्टर दमदार बसवलाय, वीज गेली तरी मशीनला कळत नाही.

सकाळी चालू केलं की तीन नावं येतात. माझं, तुझं आणि मयुरेशचं. मयुरेशच्या नावाखाली काही नाही. तुझ्या नावाखाली बारीक अक्षरांत 'साइन इन आहे' असं असतं. मी ते वाचते आणि मग माझ्या नावावर जाते. याला वेडेपणा म्हणायचं असेल तर म्हण. बाबा म्हणाले नाहीत, पण त्यांच्या मनात आलं.

लोक मला विचारतात, आता कसं वाटतंय. मला काही वाटत नाही. दात काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. चावला गेला तरी कळत नाही. त्यातच मी पोळ्या करते, दूध तापवते, पानिपत वाचते. डॉक्टर म्हणाल्या, उतरेल हळूहळू. उतरल्यावर दुखतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण दात मीही काढलेत.

शेवटी जयरामला विचारलं, साइन आउट न करता दोघींचं काम चालायचं असेल तर किती लागेल? तो डोकं खाजवत म्हणाला, "सोळात दोघी मावाल, दाटीवाटीने. बत्तीस घेतली तर वहिनींचं आयुष्यभर तसंच उघडं राहिलं तरी तुम्हाला त्रास नाही." पोराने गमतीने म्हटलं. मला तो हिशेब पटला.

पण बत्तीस घ्यायची तर तुझं ड्रॉइंग तेवढ्या मोलाचं आहे का, हे मला कळायला हवं. आत काय आहे? पासवर्ड मागत नाही, नुसतं काय आहे ते सांग.

— आई

२ एप्रिल

स्वानंदी,

काल दुपारी आम्ही दोघं गवार निवडत बसलो होतो. बाबा शिरा काढत होते, मी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "ती मला फोन करते."

"कोण?"

"स्वानंदी. रविवारी, मी सोमेश्वरला फिरायला जातो तेव्हा."

मी म्हणाले, बरं. ते म्हणाले, "तुला का करत नाही ते विचारलं मी तिला. म्हणाली, आईंशी बोलले की आपण काहीतरी गुन्हा करून बसलोय असं वाटतं. त्या रडत नाहीत, रागवत नाहीत, नुसतं जेवलीस का विचारतात."

"मग काय विचारू? मेलीस का?"

हे माझ्या तोंडून गेलं. तुला लिहू नये असं आहे, पण बाबा तुला सांगतीलच, त्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. तुझ्या ऑफिसात आल्हाद म्हणून मुलगा आहे, मूळचा कोल्हापूरचा, त्याने लग्नाचं विचारलंय. तुझ्या आईवडिलांची हरकत नाही. तू हो म्हटलेलं नाहीस.

"का नाही म्हटलं?" मी विचारलं.

"तुझ्यासाठी अडलंय तिचं," बाबा म्हणाले. "माझी परवानगी तिने मागितली, मी दिली. तुझ्याकडे मागायचं धाडस नाही तिला."

मी गवार पूर्ण केली. फोडणी दिली, दाण्याचा कूट घातला, दोघं जेवलो. भाजी बरी झाली होती. मग हात धुऊन जयरामला फोन केला आणि म्हणाले, बत्तीस. तो म्हणाला, जोडी मुंबईहून मागवावी लागेल, भाव लासलगावच्या कांद्यासारखे रोज वेगळे आहेत, आठवडा-दीड आठवडा लागेल. म्हटलं, लागू दे, तू मागव.

बाबांनी ते ऐकलं. माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. त्यांचं म्हणणं, ही काय तऱ्हा झाली उत्तर द्यायची. मी म्हणाले, मला कोणी काही विचारलेलंच नाही, तर मी उत्तर कशाचं देऊ? मला तर सगळं फिरून फिरूनच कळतंय. माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्याकडून, गवारीच्या शिरा काढताना.

मला राग आलाय, स्वानंदी. लिहिताना लक्षात येतंय की आलाय. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी आलं. तो तुझ्यावर आहे की त्या कोल्हापूरकरावर की बाबांवर, ते मला सांगता येत नाही. कदाचित मयुरेशवर असेल. चांगला धडधाकट मुलगा, तापाचं निमित्त होतं आणि चार दिवसांत जातो, ही काय रीत झाली.

रॅम आली की कळवते. तुझं जे उघडं आहे ते उघडं राहील.

— आई

१३ एप्रिल

स्वानंदी,

तुझं पत्र शनिवारी आलं. बाबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांना पुढे वाचता येईना, मग मी हातात घेतलं.

तू लिहिलंयस, 'मी निघताना साइन आउट केलं नाही, कारण ते केलं असतं तर मी परत येणार नाही हे मला त्याच दिवशी कळलं असतं. मला वाटत होतं, तुम्ही कधीतरी ते बंद कराल आणि मग मला काही ठरवावं लागणार नाही.' आणि मी इथे बसून समजत होते की तू येशील आणि तूच बंद करशील. दोघी एकमेकींच्या भरवशावर बसलो होतो, आणि मधल्या मध्ये त्या सरिताचे मराठे यमुनेवर अडकले.

आणि तू लिहिलंयस, आत आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याचं ड्रॉइंग आहे. दिवाळीच्या सुमारास करत होतीस, मला दाखवायचं होतं, तेवढ्यात अहमदाबादचं बोलावणं आलं. पासवर्ड खाली लिहिलायस. 'हवं असेल तर सेव्ह करा, नको असेल तर जाऊ द्या. पण बंद करा असं मला म्हणता येणार नाही, तेवढं माझ्याकडून मागू नका.'

नाही मागत.

मशीन अजून उघडलेलं नाही. शनिवारी माझा गुडघा दुखत होता. काल पाहुणे होते. पाहुणे म्हणजे खालच्या मजल्यावरचे, पाच मिनिटं बसून गेले, पण दिवस मोडला. आज सकाळी खुर्चीत बसले आणि उठले.

मग सरिताचा फोन आला. नेहमी ती आधी बाबांची चौकशी करते, मग गुडघ्याची, मग धड्यावर येते. आज सरळ आली.

"काकू, माजा पेपर जवळ आलाय. तुमाला नाय जमत तर तसं सांगा. मला राग नाय येनार. मी दुसऱ्या कुनाला तरी वाचायला सांगीन. पन वाट बघाया लावू नका. वाट बघन्यात दिस लय जात्यात."

ती अर्थशास्त्राच्या धड्यांबद्दल बोलत होती. मला माहीत आहे ती कशाबद्दल बोलत होती ते. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते. बाबांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, सरिता. काय म्हणाली? म्हटलं, ती म्हणाली की सांगून टाका.

उद्या उघडते. गुडघा दुखला तरी.

— आई

१८ एप्रिल

स्वानंदी,

उघडलं. बाबांना शेजारी बसू दिलं नाही, त्यांना बाजारात पाठवलं. तुझ्या नावावर गेले, पासवर्ड घातला. पहिल्यांदा चुकला, मग बरोबर आला. तुझं ड्रॉइंग जसंच्या तसं समोर होतं. आपलंच स्वयंपाकघर, खिडकीही तीच, फक्त खिडकीत तू एक कुंडी ठेवलीयस जी आपल्याकडे नाही.

ओटा तू दोन उंचीचा केलायस. खिडकीकडचा भाग खाली आणि गॅसपलीकडचा वर. मापं कळावीत म्हणून दोन बायका उभ्या केल्यास, बुटकी खालच्या भागापाशी आणि उंच वरच्या भागापाशी. बुटकी कोण ते सांगायला नको. मी इतकी वर्षं त्या ओट्याशी खांदे वर करून पोळ्या लाटते, हे मी कधी कोणाला बोलले नव्हते. माझ्या पोटच्या मुलाला कधी दिसलं नाही. तुला दिसलं.

आणि दिवाळीत तू दोघींचा ओटा काढत होतीस, म्हणजे तेव्हा तू राहणार होतीस. खरंच राहणार होतीस. तू मला फसवून गेलीस असं मी मनात धरलं होतं, तोंडाने कधी म्हणाले नाही तरी धरलं होतं. ते तेव्हाच सोडलं.

सेव्ह केलं. फाइलला नाव मागितलं, मी 'ओटा' असं लिहिलं. मग सगळं बंद करून तुला साइन आउट केलं. मी केलं, तू नाही. कोणी विचारलं तर तसंच सांगायचं. घरात मोठी मी आहे, बंद करायचं काम मोठ्यांनी करायचं असतं. तुझ्या अंगावर ते येऊ द्यायला नको होतं.

पुन्हा तीन नावं आली. मयुरेशच्या नावाखाली काही नाही आणि तुझ्याही नावाखाली काही नाही. हे आपल्याला बघवणार नाही असं मला वाटत होतं. बघितलं. बसून राहिले आणि बघितलं. दोन्ही रिकामं दिसत असलं तरी दोन्ही सारखं नाही. तू आत्ता कुठेतरी आहेस, ऑफिसात असशील, चहा घेत असशील. तो कुठे नाही. मला हे इतके महिने वेगवेगळं करता येत नव्हतं. तू गेलीस आणि तो गेला, ते माझ्याकडे एकाच खणात पडलं होतं.

मशीन आता भलतंच पळतं. त्याच दुपारी बसून सरिताचे तीनही धडे वाचून काढले. 'मागणी आणि पुरवठा' वाचताना मध्येच मला रडू फुटलं. मागणीत रडण्यासारखं काही नाही, पण फुटलं आणि थांबेना. तो तुकडा कापायचा कसा ते मला येत नाही, म्हणून तसाच पाठवला. सरिता म्हणाली, "काकू, आवाज कुठंच अडकला नाय. पन ह्या धड्यात तुमाला सर्दी लय झालीय. आलं घाला चहात." घातलं.

जयरामची जोडी काल आली. डबीसकट घेऊन दारात उभा. म्हटलं, परत ने, नको. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "काकू, निदान आठ तरी टाका, सोळा होईल. मयुरेशभाऊंनी स्लॉट मोकळा ठेवलाय तो वाढवायलाच." मी म्हणाले, राहू दे मोकळा. एक माणूस वापरणार आहे, त्याला आठ पुरते. वापरणारी मी. हे मला इतकं पटकन सांगता आलं की माझं मलाच नवल वाटलं. त्याला चहा दिला, आलं घातलेला, आणि पुढच्या वेळी त्याच्या आईला घेऊन ये म्हणून सांगितलं.

मिस्त्री सोमवारी येतोय. तुझं ड्रॉइंग त्याला दाखवलं. तो म्हणाला, बाई, दोन उंचीचं काम किचकट आहे, पण करून देतो. मी म्हणाले, किचकट नको. सगळा ओटा माझ्या उंचीचा कर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबा मागून म्हणाले, "अगं, ती कधी आली तर तिची कंबर मोडेल तिथे." म्हटलं, मोडू दे.

उद्या आखाजी. तुमच्याकडे तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्या सटाण्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, आणि त्याच दिवशी लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात. एकाच घरात आत पान वाढलेलं असतं आणि बाहेर झाडाला झोका बांधलेला असतो. लहानपणी मला वाटायचं, हे काय विचित्र, एक काहीतरी करा. माझी घागर आणून ठेवलीय. उद्या मयुरेशची पहिली.

आखाजीला आलेल्या लेकीने ओट्यापाशी उभं राहायचं नसतं. बसून खायचं, झोपायचं, आईला नावं ठेवायची, जाताना डबा न्यायचा. म्हणून तो ओटा तुझ्या उंचीचा नको. या वर्षी तू येऊ नकोस, वर्ष व्हायचंय. तोवर हो म्हणून टाक त्या मुलाला. माझं उत्तर पाहिजे होतं ना तुला, ते हे. पुढच्या आखाजीला दोघं या.

त्याला पुरणपोळी दुधाबरोबर लागते की तुपाबरोबर, तेवढं विचारून कळव.

— आई